उन्हाळ्याची सुटी आणि मुलांचे कान

(केंद्र शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या असतात, निकालपत्रके भरावयाची असतात, साहित्याची मोजदाद करावयाची असते आणि एप्रिलच्या उन्हाने शाळेचे पत्रे तडतडत असतात. अशा घाईच्या दिवसांत मुलांच्या कानांचा विषय काढणे कोणास अवेळी वाटेल. तथापि या विषयास याहून योग्य वेळ नाही. सुटीत मुलांचे गुडघे फुटतात, तळवे पोळतात, अंगावर घामोळे उठते. हे सारे जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बहुधा बरे झालेले असते, आणि झाले नसले तर निदान डोळ्यांना दिसते. कानाचे तसे नाही. बिघडलेला कान बाहेरून पूर्वीसारखाच दिसतो. बिघाड प्रकट होतो तो मुलाच्या वागण्यात, आणि तेथे त्याला निराळीच नावे मिळतात. लक्ष देत नाही, सुटीत सारे विसरून आला, घरचे वळण नाही, अशी ती नावे.

चौथीत जाणारा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. एप्रिलपर्यंत तो बऱ्यापैकी वाचतो, पाढे म्हणतो, शुद्धलेखनात त्याच्या पाचसात चुका होतात. मे महिन्यात तो रोज दुपारी विहिरीवर जातो. दुसऱ्या आठवड्यात कान ठणकू लागतो. आजी लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडते. दोन दिवसांनी कान वाहू लागतो, ठणका थांबतो, आणि घरच्या माणसांस वाटते की कान बरा झाला. जूनमध्ये हा मुलगा दाराजवळच्या जागेवर बसतो. गुरुजी ‘साठ’ सांगतात, तो ८ लिहितो. गुरुजी फळ्याकडे तोंड करून सूचना देतात, तो शेजाऱ्याच्या वहीत पाहतो आणि त्याबद्दल बोलणी खातो. दिवाळीपर्यंत मागे पडलेल्या मुलांच्या यादीत त्याचे नाव लागते. या मुलाची बुद्धी एप्रिलमध्ये होती तेवढीच आहे. कमी झाला आहे तो त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज.

असे मूल निपजू नये म्हणून सुटीपूर्वी काय सांगावे आणि सुटीनंतर ते कसे ओळखावे, या दोन गोष्टींचाच येथे विचार करावयाचा आहे.

कानाची रचना पाठ्यपुस्तकात आहेच, तिची पुनरुक्ती नको. कामापुरते एवढे ध्यानात असावे की, कानाचे बाहेरचे भोक म्हणजे एका बाजूने बंद असलेली बोळकांडी होय. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते, मुलात त्याहून कमी. तिच्या टोकाला पडदा असतो. पडद्याच्या आत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे, आणि त्यांच्याही आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी. मधल्या पोकळीतून एक वाट घशाकडे उतरते. मुलात ही वाट आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून मुलाच्या नाकातील सर्दी मोठ्या माणसापेक्षा सहज कानात शिरते. पडद्याच्या बाहेरचा बिघाड, मधला बिघाड आणि शंखातला बिघाड हे तीन निराळे प्रकार आहेत. पहिले दोन बहुधा उपचाराने बरे होतात. तिसरा बहुधा होत नाही. सुटीत मुले या तिन्ही बिघाडांच्या वाटेने हिंडत असतात.

प्रथम विहिरीचा विचार करू या. पोहण्यास मनाई करण्याचा विचार कोणी मनात आणू नये. मनाई पाळली जाणार नाही, आणि पाळली जावी अशीही ती नाही. पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून काकाच्या देखरेखीखाली पोहावयास शिकलेले मूल जन्मभराची एक विद्या मिळवते. पण वैशाखात विहिरीचे पाणी तळाला जाते, हिरवे होते, त्यातच कपडे धुतले जातात. ते पाणी त्या बंद बोळकांडीत साचून राहिले, म्हणजे आतली कातडी भिजून मऊ पडते. वर उष्णता आणि घाम असतोच. मऊ कातडीला नखाचा किंवा काडीचा ओरखडा पुरतो आणि ती सुजते, कधी तिच्यावर बुरशी धरते. हा बाहेरच्या भागाचा आजार होय. त्याची खूण सोपी आहे. कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या भोकापुढचा उंचवटा दाबला की मूल कळवळते. मधल्या कानाच्या ठणक्यात पाळी ओढल्याने दुखणे सहसा वाढत नाही. एवढी खूण मुलांना दाखवून ठेवली तर ती घरी जाऊन आईला सांगू शकतील.

उपायही साधा आहे. पाण्यातून वर आल्यावर डोके एका बाजूला कलते करून कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे वाट सरळ होऊन पाणी बाहेर येते. मग दुसरी बाजू. पंचाच्या टोकाने बाहेरचा भाग टिपून घ्यावा, आत काही घालू नये. पुष्कळ ठिकाणी मुले काठावरचा तापलेला दगड कानाशी धरून पाणी शोषून घेतात. दगड पोळणारा नसेल तर या रीतीला हसण्याचे कारण नाही. करंगळी घालून ढवळण्यापेक्षा ती शतपटीने बरी.

विहिरीतील दोन खेळांविषयी मात्र मुलांस स्पष्ट बजावले पाहिजे. काठावरून उडी घेताना मूल कुशीवर आपटले तर पाण्याची चापट कानावर बसते आणि त्याने पडदा फाटू शकतो. दुसरा खेळ म्हणजे तळाची माती मुठीत घेऊन वर येण्याची पैज. दोनतीन मीटर खाली गेल्याबरोबर पाण्याचा दाब पडद्याला आत ढकलू लागतो. निरोगी मूल घोट गिळून तो दाब सावरते. सर्दी झालेल्या मुलाची घशाकडची वाट बंद असल्यामुळे त्याला तो सावरता येत नाही. सर्दी असेल त्या दिवशी बुडी मारावयाची नाही, हा नियम पोहणाऱ्या प्रत्येक मुलास पाठ असावा.

याहून गंभीर धोका आहे तो आधीच कान फुटलेल्या मुलास. पडद्याला भोक असेल तर विहिरीच्या खोल भागातील थंड पाणी सरळ मधल्या कानात शिरते. तोल सांभाळणारे इंद्रिय तेथून अगदी जवळ आहे. थंडी लागताच ते बिघडते आणि मुलास पाण्यातच भोवळ येते. वर कोठे आणि खाली कोठे हे त्यास कळेनासे होते. उत्तम पोहणारे मूलही अशा वेळी बुडू शकते. म्हणून वर्गातील ज्या मुलांचे कान वाहतात किंवा पूर्वी वाहत होते, त्यांची नावे शिक्षकाने सुटीपूर्वी काढावी आणि त्यांच्या पालकांस बोलावून सांगावे की, डॉक्टरांनी कान पाहून परवानगी दिल्याखेरीज मुलास विहिरीत उतरू देऊ नये. निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतात, तेव्हा हे काम पाच मिनिटांत होते. घरी आंघोळीच्या वेळी अशा मुलाच्या कानात व्हॅसलिन चोपडलेला कापसाचा बोळा बसवावा आणि आंघोळ होताच काढून टाकावा.

वाहणाऱ्या कानाविषयी खेड्यात एक घातक समजूत आहे. ‘कान फुटला आहे, मोठेपणी आपोआप बरा होईल’ असे म्हणून वर्षानुवर्षे काढली जातात. वास्तविक, पातळ व भरपूर वाहणाऱ्या कानापेक्षा थोडेच, पण घाण वास येणारे पाणी येणारा कान अधिक भयावह असतो. तो आतले हाड पोखरीत जातो. त्याचा संसर्ग मेंदूपर्यंत गेल्यास प्राणावर बेतते. कानामागे सूज आली, ताप भरला, तोंड एका बाजूस वाकडे दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावयास हवे. तेल कोमट असो की गार, लसणीचे असो की आणखी कशाचे, फुटलेल्या कानात ते घालावयाचे नाही. आजीच्या मायेचा अनादर न करता हे सांगण्याचे कौशल्य शिक्षकापाशी असावे लागते. आजीला दोष देऊन कोणाचा कान सुधारल्याचे ऐकिवात नाही.

कानातील मळ हाही सुटीचाच विषय आहे. दुपारी मोकळा वेळ असतो, माजघराच्या गारव्यात माणसे आडवी होतात, आणि कोणाच्या तरी हाती कानकोरणे, केसांतला आकडा किंवा काडेपेटीची काडी येते. मळ ही घाण नव्हे. ती कातडीची राखण आहे. कानाच्या आतली कातडी हळूहळू बाहेर सरकते, जबडा हलला की मळ आपोआप बाहेर येतो. काडीने मात्र तो आत ठासला जातो. पोहून आल्यावर ‘एकाएकी ऐकू येईना’ अशी तक्रार आली, तर पुष्कळदा पाण्याने फुगलेला मळच कारण असतो, आणि डॉक्टर तो काही मिनिटांत काढून देतात. बाजारात बसून कान साफ करून देणाऱ्यापुढे मुलास बसवू नये.

लहान मुले चिंचोके, हरभरे, मणी कानात घालतात. धान्याचा दाणा असेल तर पाणी घालू नये, तो फुगून घट्ट बसतो. घड्याळातील किंवा खेळण्यातील बटनासारखी बॅटरी गेली असेल तर तासाभराचाही विलंब नको, ती आतली कातडी जाळते. रात्री अंगणात निजलेल्या मुलाच्या कानात किडा शिरला आणि तो फडफडू लागला, तर खोबरेल तेलाचे काही थेंब सोडून तो मारावा. ज्याचा कान पूर्वी फुटलेला नाही अशाच मुलाकरिता हा उपाय आहे. मेलेला किडा काढण्याचे काम डॉक्टरांचे.

आता आवाजाकडे वळावे. चैत्र-वैशाख म्हणजे जत्रा आणि लग्नसराई. वरातीपुढे पूर्वी सनई-चौघडा असे, पुढे बँड आला, आणि आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या डॉल्बीच्या पेट्या असतात. सर्वांत लहान मुले सर्वांत पुढे, पेट्यांना पाठ किंवा पोट लावून नाचत असतात, आणि मोठी माणसे कौतुकाने पाहतात. ज्या कानाचे नुकसान भरून येत नाही तो शंखातला कान येथे खराब होतो. त्या शंखात केसासारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी उंच सूर आणि आतल्या टोकाशी खर्ज ऐकला जातो. शंखातील लहरींचे हे गमक शोधून काढल्याबद्दल जॉर्ज फॉन बेकेशी यांस १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या आवाजाने बहुधा उंच सुरांच्याच पेशी प्रथम मरतात. त्यामुळे मुलाला हाक ऐकू येते, ढोल ऐकू येतो, आईवडिलांस काहीच शंका येत नाही. पण स, श, फ, थ यांसारखी बारीक, श्वासाची अक्षरे निसटू लागतात. मधल्या कानात पाणी साचले तर सारेच आवाज मंद होतात, आणि तेथेही ही अशक्त अक्षरेच आधी बुडतात.

कारखान्यातील कामगारांकरिता वापरले जाणारे एक प्रमाण असे आहे की, ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करावी. या हिशोबाने १०० डेसिबलला १५ मिनिटेच उरतात. डॉल्बीच्या पेटीसमोर आवाज १०० च्या पुढे सहज जातो, आणि वरात तर दोनदोन तास चालते. मुलांचे कान कामगारांपेक्षा कणखर असतात असे कोणी दाखविलेले नाही. उलट बाजूने एक दिलासा आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पेटीपासून २ मीटरवर नाचणारे मूल १६ मीटरवर नेले, तर अंतर तीनदा दुप्पट होते, १८ डेसिबल कमी होतात, आणि १५ मिनिटांची मर्यादा १६ तासांवर जाते. वरच्या वर्गात हे गणित फळ्यावर सोडवून घ्यावे. मुले हे आकडे घरी नेतात आणि मोठ्यांस ऐकवतात, तेव्हा ते उपदेशासारखे वाटत नाहीत.

ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावावयाचे नाहीत, अपवादाचे दिवस शासनाने ठरवावयाचे. नियम शिक्षकास ठाऊक असावा, ग्रामसभेत तो सांगावाही. पण ज्या घरच्या लग्नाचे आमंत्रण शिक्षकाच्या हाती असते त्याच घरी जाऊन पेट्या बंद करा म्हणणे किती अवघड आहे, हे खेड्यात राहिलेल्यास सांगावयास नको. तेथे हट्ट धरण्यापेक्षा मुलांना पेट्यांपासून दूर, वरातीच्या मागच्या टोकाला ठेवण्याची विनंती करावी. ती सहसा नाकारली जात नाही. वरातीहून आल्यावर कानात गुंई असा आवाज घुमत असेल तर कानास इजा झाल्याची ती सूचना होय. त्यानंतरचे एकदोन दिवस गोंगाटापासून आणि इअरफोनपासून कान दूर ठेवावा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा मळणी यंत्राजवळ मुलास तासन् तास बसविणे हेही याच सदरात मोडते.

गालगुंडाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. त्याने क्वचित एक कान एकाएकी कायमचा जातो, आणि दुसरा शाबूत असल्यामुळे महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. असे मूल शांततेत सर्व ऐकते, गलक्यात चुकते, आणि हाक कोणत्या दिशेने आली हे त्याला उमगत नाही.

जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या पंधरवड्यात शिक्षकाने कानांची पारख करावी. तिला यंत्र लागत नाही. शाळा गजबजण्यापूर्वी, व्हरांड्याच्या शांत कोपऱ्यात मूल उभे करावे. शिक्षकाने त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसत नाहीत. मुलाने एका कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटाने दाबून हलकेच चोळत राहावे. शिक्षकाने श्वास पूर्ण सोडून मग कुजबुजत तीन शब्द सांगावे, मुलाने ते म्हणावे. चुकले तर आणखी तीन. सहांपैकी तीनही नीट सांगता आले नाहीत, तर तो कान तपासणीस पाठवावा. मग दुसरा कान. शब्दांची निवड नीट असावी: साठ आणि आठ, सहा आणि दहा, साप आणि ताप, सात आणि हात. ही पारख म्हणजे निदान नव्हे. कोणास डॉक्टरांकडे पाठवावे एवढेच ती सांगते.

दुसरे साधन शिक्षकाच्या टेबलावर रोज पडलेलेच असते. ते म्हणजे शुद्धलेखनाची वही. येथे एक सावधगिरी हवी. कित्येक घरच्या बोलीत ‘श’ चा ‘स’ होतो, ‘ण’ चा ‘न’ होतो, आणि मूल तसेच लिहिते. हा ऐकण्याचा दोष नव्हे, आणि तो दोष आहे असे म्हणण्याचीही घाई नको. बोलीतील चूक मुलाच्या बोलण्यात, वाचण्यात, लिहिण्यात सारखीच आढळते. कानाची चूक मात्र फळ्यावरून उतरवून घेताना होत नाही, शिक्षक समोर उभे राहून सांगतात तेव्हा कमी होते, आणि ते पाठमोरे होऊन किंवा फिरत फिरत सांगतात तेव्हा वाढते. एकच मजकूर आठवड्यात दोन्ही प्रकारे घालून चुका मोजाव्या.

न ऐकणाऱ्या मुलाची चूक ही पुष्कळदा उद्धटपणासारखी दिसते. प्रश्न विचारला तर ते गप्प राहते, दोनदा सांगितले तरी भलतेच करते. अशा वेळी शिक्षकाचा हात उठला तर तो नेमका कानशिलावर पडतो, आणि त्या एका चापटीने पडदा फाटू शकतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. कायदा नसता तरी ऐकू न येण्याबद्दल कानावर मारणे हा कोणता न्याय, असा प्रश्न उरतोच.

शंका आलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांपाशी लेखी असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते तेव्हा शेकडो मुले तपासावयाची असतात, आणि गप्प मूल रांगेतून सहज निसटते. यादी हाती दिली म्हणजे निसटत नाही. वाहत्या कानाच्या मुलाने मात्र पथकाची वाट पाहू नये. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तत्काळ धाडावे.

उपचार चालू असतील तोवरची व्यवस्था वर्गातच करावयाची आहे. चांगला कान शिक्षकाकडे येईल अशा बाजूला, पुढून पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत मुलाची जागा ठेवावी. पण अगदी भिंतीला चिकटून नको, म्हणजे इतर मुले बोलताना त्याला मान वळवून त्यांचे चेहरे पाहता येतील. शिक्षकाने खिडकीला पाठ करून उभे राहू नये, कारण मग चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिताना बोलू नये. लिहून झाल्यावर वळून बोलावे. ओरडण्याची गरज नाही, ओरडल्याने अक्षरे अधिकच फाटतात. आणि पत्र्याच्या शाळेत पाऊस सुरू झाला की कोणाचेच कान पुरत नाहीत, तेव्हा शुद्धलेखन थांबवून त्या वेळी लेखनाचे किंवा चित्रकलेचे काम द्यावे, सर ओसरल्यावर सोडलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू करावे.